सोडू नको!

आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून गाडीची मागची सीट मांडलेली आहे. पाहुणे तिच्यावर बसतात, जरा रेलतात आणि सवयीनं पट्टा शोधायला हात मागे नेतात. पट्टा माळ्यावर आहे. गाडीतला गालिचा, डिक्कीतलं पुठ्ठ्याचं अस्तर, स्टेपनी, रेडिओ, चार स्पीकर आणि मागच्या काचेचा वायपर हेही माळ्यावर आहेत. गाडी खाली आहे. म्हणजे उरलीय ती.

हा सगळा खटाटोप 'ट्रॅक डे'साठी. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे मी आतापर्यंत बऱ्याच जणांना समजावलंय. शर्यतीच्या बंद ट्रॅकवर आपली गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं आणि झेपेल तेवढ्या जोरात पळवायची. नंबर नाही, बक्षीस नाही, पुढच्यानं वाट दिल्याशिवाय ओव्हरटेकसुद्धा नाही. बायकोनं हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे गोल फिरून परत तिथंच यायचं." इतकी नेमकी व्याख्या मी आजवर कुठं वाचलेली नाही.

या धंद्यात पहिली पायरी वजन उतरवण्याची. गाडी हलकी झाली की इंजिनाला न शिवता ती जास्त चपळ होते, ब्रेकवर ताण कमी येतो, टायर कमी झिजतात. आणि मुख्य म्हणजे काढायला अक्कल लागत नाही, पाना लागतो. काढलेली प्रत्येक वस्तू मी वजनकाट्यावर ठेवून वहीत लिहीत होतो. मागची सीट, 17 किलो. स्टेपनी आणि जॅक, 16 किलो. सिगरेट लायटर, 40 ग्रॅम. एके दिवशी वही उघडली तर शेवटच्या नोंदीखाली वेगळ्या अक्षरात लिहिलं होतं: 'चालक, ?'. मी ते पान उलटलं.

पुढची सीट काढण्याच्या दिवशी आमच्या घरातून दहा नंबरची गोटी नाहीशी झाली. ज्यांनी कधी गाडी खोलली नाही त्यांना सांगतो, ही गोटी म्हणजे पान्याच्या टोकाला लावायची, बोल्टच्या डोक्यावर बसणारी पोलादी टोपी. गोटी पान्याच्या पेटीत दोन डझन गोट्या असल्या तरी घरगुती मेकॅनिकचं निम्मं आयुष्य दहाच्या गोटीवर चालतं आणि हरवते तीच. आताच इथं ठेवली होती. मी मुलीला विचारलं. मग बायकोला विचारलं, आणि तेही "तू उचललीस का?" अशा शब्दांत. ती म्हणाली, "मी कशाला उचलू? मला काय खोलायचंय?" यावर उत्तर नव्हतं, पण संशय होता. तो मी पुढं चार महिने सांभाळला. मधल्या काळात नव्या तीन गोट्या आणल्या. त्यातल्या दोन पहिलीला शोधायला गेल्या, त्या गेल्याच.

गालिच्याखाली पत्र्याला चिकटवलेल्या डांबरी पट्ट्या असतात, आवाज आणि कंप दाबण्यासाठी. त्या खरवडून काढू गेलं तर माणूस म्हातारा होतो. म्हणून ड्राय आइस. हा कार्बन डायऑक्साइडचा बर्फ, उणे 78 अंशांचा. पट्टीवर पसरला की डांबर कडक होऊन तडकतं आणि हातोडीच्या टिचकीनं कपच्या निघतात. हातमोजे घालायचे आणि गाडीची दारं सताड उघडी ठेवायची, कारण हा बर्फ वितळत नाही, त्याचा थेट वायू होतो आणि बंद जागेत साचतो. त्या दुपारइतका निर्भेळ आनंद मला या गाडीनं पुन्हा दिलेला नाही. ठक्, आणि वीतभर तुकडा हातात! 9 किलो 400 ग्रॅम! त्या पट्ट्या नक्की कुठले आवाज दाबत होत्या, हा विचार तेव्हा शिवला नाही.

पुढं गाडी उलटली तर चेपू नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला. तो भरला 38 किलो. वहीत तो कुठल्या रकान्यात लिहायचा यावर मी बराच विचार केला आणि शेवटी लिहिलाच नाही.

मग आला तो बोल्ट. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं, म्हणजे आर्मचं, रबरी बुश बदलायचं होतं. अर्ध्या तासाचं काम. त्याच्या एकाच बोल्टला गंज चढला होता. गंज सोडवणारं तेल मारलं, रात्रभर भिजवलं, तापवलं, थंड केलं, गोडीगुलाबीनं बोललो. मग हँडलला लोखंडी नळी घातली. हँडलची लांबी दुप्पट केली की त्याच जोरात दुप्पट पीळ बसतो, हे मी शाळेत शिकलो होतो. बोल्ट शाळेत गेलेला नव्हता. तिसऱ्या झटक्याला 'कट्' असा गोड आवाज आला, पाना फिरला, मी आनंदानं ओरडलो. फक्त डोकं फिरलं होतं. आधी बोल्टचं, मग माझं. उरलेला तुकडा ड्रिलनं पोखरून काढायला चार संध्याकाळी गेल्या आणि त्यात आतले आटेही गेले.

अलाइनमेंटचं, म्हणजे चाकं नेमक्या दिशेत बसवण्याचं, थोडक्यात सांगतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरे ताणायचे आणि चाकाच्या पुढच्या-मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं. पद्धत अचूक आहे, घरात दोऱ्याला अडखळणारं कुणी नसेल तर.

खरी कसोटी ब्रेकची. एक टनाची गाडी ताशी 144 किलोमीटरवरून 72 वर आणायची म्हणजे सुमारे 6 लाख ज्यूल उष्णता ब्रेकमध्ये ओतायची. तेवढ्यात पावणेदोन लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. हे एका वळणाआधी, आणि वळणं संपत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं. डॉट 4 दर्जाचं नवं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये, पण पुरेसं पाणी शोषलेल्या त्याच ऑइलकडून मानक फक्त 155 अंशांची अपेक्षा ठेवतं. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल तळाला टेकतं आणि गाडी पुढं जात राहते. तेव्हा नवं ऑइल भरायचं आणि नळ्यांतली सगळी हवा काढायची. या कामाला दोन माणसं लागतात. आमच्या घरात दुसरं माणूस एकच आहे.

ती पेडलवर, मी चाकाशी, गाडीखाली डोकं घालून. तिनं पेडल दाबून धरायचं, मी निपल, म्हणजे ब्रेकवरचा हवा सोडायचा पोकळ स्क्रू, ढिला करायचा, हवा आणि जुनं ऑइल बाहेर, मी निपल कसायचा आणि मगच तिनं पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा आत. कागदावर हे फार सोपं आहे.

"दाब!"

"दाबतेय."

"दाबलंस का?"

"दाबतेय म्हटलं ना!"

'दाबतेय', 'दाबलं' आणि 'दाबलंय' या तिन्हींत काय अंतर आहे, हे मला शाळेतल्या व्याकरणानं शिकवलं नाही. ब्रेकनं शिकवलं.

"दाबलंय. सोडू?"

"सोडू नको!"

आपल्या भाषेत 'नको' शेवटी येतं. 'सोडू' तिच्या कानात पोचलं तेव्हाच पाय वर आला होता. 'नको' मी एकट्यानंच ऐकलं. बुडबुडा नळीतून परत वर गेला, माझ्या डोळ्यांसमोरून, अगदी निवांत. पहिल्यापासून सुरू. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी ठरवलं की शब्द वापरायचे नाहीत, मी पत्र्यावर टकटक करीन. एक टक म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. त्यानंतर दीड तास आम्ही एकमेकांशी अवाक्षर न बोलता काम केलं आणि चारही चाकं झाली. नंतरही संध्याकाळभर बोललो नाही, पण ते वेगळ्या कारणानं. या गडबडीत पुढच्या मडगार्डवर सांडलेलं ऑइल कुणी पुसलं नव्हतं. ब्रेक ऑइल रंग खातं. सकाळी तिथं तळहाताएवढे फोड आले होते. वहीत लिहिलं: रंग, अंदाजे 5 ग्रॅम.

आणि तो दिवस आला. दोघी बरोबर आल्या, 'बघू तरी काय ते' म्हणत. पहिली फेरी हळू, दुसरी जरा जोरात. तिसऱ्या फेरीला ब्रेक दाबला आणि ते लागले. कुणी काही म्हणो, मला डोळ्यांत पाणी आलं. मग डावं वळण घेतलं आणि माझ्या सीटखालून आवाज आला. घर्रर्र... टक्. उजव्या वळणाला उलटा: घर्रर्र... टक्. रस्त्यावर गाडी इतक्या जोरात कोण वळवतं! हा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तो दाबणाऱ्या पट्ट्या मीच काढल्या होत्या.

गाडी बाहेर घेतली, जॅकवर चढवली. दहा मिनिटांत भोवती सात तज्ज्ञ. व्हील बेअरिंग, म्हणाला एक. इंजिन माउंटिंग, दुसरा. तिसऱ्यानं फोड आलेल्या मडगार्डवर हात फिरवून नुसताच सुस्कारा सोडला. मी चाकांचे नट टॉर्क पान्यानं तपासले, आर्म हलवून पाहिले, तो नवा बोल्ट पाहिला. सगळं घट्ट. उन्हं कलली. ट्रॅकवर बाकीच्यांच्या गाड्या आनंदात गोल फिरून परत तिथंच येत होत्या.

मुलगी गाडीत शिरून दोन्ही पायांनी ती डोलवत होती. म्हणाली, "बाबा, आत कुणीतरी गोट्या खेळतंय."

मी थांबलो. बायको थांबली नाही. ती वाकली आणि पुढच्या सीटखालून आडवा जाणारा पोकळ पत्रा बोटांनी वाजवत गेली. टोकाशी तळाला रबरी बूच होतं, ते तिनं नखानं उचकटलं, मुलीला त्या बाजूला झुकायला सांगितलं आणि खाली ओंजळ धरली. घर्रर्र...

तिनं काहीच म्हटलं नाही. चार महिन्यांत मी कितीदा काय काय विचारलं होतं, त्यातलं एक अक्षरही नाही. मी मुकाट्यानं हात पुढं केला. माझ्या तळहातावर वीतभर उंचीवर तिनं दहाची गोटी दोन बोटांत धरली आणि विचारलं,

"सोडू?"