दोन स्टार देणाऱ्या ताईंना, एन्डोस्कोपी सेंटरकडून

नमस्कार ताई,

१० ची वेळ देऊन बाबांना आत घ्यायला सव्वाबारा वाजले, त्याबद्दल माफ करा. रिसेप्शनवरून कोणी तरी येऊन सांगायला हवं होतं.

पण ‘घोरता का, मान किती जाड, असले फालतू प्रश्न विचारून भूलतज्ज्ञाचे २५०० लावले’ हे तुमच्या रिव्ह्यूतलं वाक्य काही पचेना. म्हणून रात्री ११ ला लिहायला बसलोय.

प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध दिलं की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, श्वासाची वाट अरुंद होते. कुणाचा ऑक्सिजन उतरेल याचा अंदाज दुर्बीण घालण्याआधीच बांधावा लागतो. घोरणं, दिवसा पेंग येणं, झोपेत श्वास अडकणं, बीपी, वजन, पन्नाशी उलटलेली, ४० सेंटीमीटरपेक्षा जाड मान, पुरुष असणं. या आठांत तीन ‘हो’ आले की आम्ही सावध. बाबा म्हणाले, “छे, मी कुठे घोरतो!” आणि आईंनी मागून हळूच, “पलीकडच्या खोलीत ऐकू येतं.” (हे इथे लिहू नये खरं तर, पण विषय तुम्हीच काढलात.) टेप लावली, मान ४३ भरली. म्हणूनच नाकात ऑक्सिजनची नळी आधीपासून होती आणि सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा मॉनिटरही जोडला होता. श्वास थांबला की बोटावरचा ऑक्सिमीटर उशिराच बोलतो, वरून ऑक्सिजन चालू असला तर आणखी उशिरा. मॉनिटरवरची रेघ मात्र लगेच आडवी होते.

‘ऑक्सिजन ८८ वर गेला’ हे तुम्ही लिहिलंत, ते तुम्हाला सांगितलं आम्हीच. रेघ आडवी झाल्याक्षणी भूलतज्ज्ञांनी जबडा पुढे उचलून धरला, ऑक्सिजन वाढवला, आकडा ९७ वर आला. तेव्हा माझे दोन्ही हात दुर्बिणीवर होते. ते २५०० त्यांचे, माझ्या खिशात एक रुपया नाही. एस्टिमेटवर ते लिहिलेले होते आणि खाली सही तुमच्या भावाची आहे.

उशिराचंही सांगतो. सकाळी ६ ला दुधाचा चहा झालाय हे १० ला कळलं. दुधाला ६ तास थांबावंच लागतं. नुसतं पाणी असतं तर २ तासांत भागलं असतं.

तरी थांबावं लागणाऱ्यांना वेळ कळवायची काही तरी सोय करतोय, दरांचा बोर्डही जरा मोठा लावू. झोपेत श्वास अडकतो का हे बघायला बाबांची झोपेची तपासणी करा असं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय, तेवढी मात्र करून घ्या.