वरच्या डब्यात प्लाय

परवा इंटर्नशिपला आलेल्या पोरीने विचारलं, ताई, या इंटिरियर डिझाइनच्या कामातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं? मी ऐटीत सांगितलं, क्लायंट! दर घरी नवीन माणूस, नवीन तऱ्हा, कंटाळाच येत नाही बघ. तिने ते वहीत लिहून पण घेतलं. आणि काल मी कोथरूडच्या साइटवर गेले.

टू बीएचके, किचनच्या ट्रॉल्या आणि दोन वॉर्डरोब. नवरा-बायको दोघं दिवसभर हिंजवडीला, म्हणजे साइटचे खरे मालक आप्पा, तिचे सासरे. खिशात स्वतःचा टेप. मिस्त्रीने मापलेलं ते परत मापतात, मग मी मापलेलं मापतात. किचन तोडलंय म्हणून गॅस ड्राय बाल्कनीत, तिथे कुकर लावलेला आणि आप्पा पेन्सिल घेऊन माझ्या नव्याकोऱ्या पुट्टीवर रेघा ओढत उभे. शिट्टी झाली, रेघ ओढली. "सातवी."

"काय शिजतंय आप्पा?"

"प्लाय."

चूक माझीच. मागच्या आठवड्यात मीच शहाणपणा केला होता की किचनला साधा एमआर प्लाय नको, पाण्याने फुगतो, आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घ्या, त्याची टेस्टच 72 तास उकळत्या पाण्यात होते. माझ्याच सॅम्पलचा दोन इंची तुकडा कापून घेतला होता त्यांनी.

"72 तास उकळला हे दुकानदार सांगणार, बघितलंय कोणी?"

"पण आप्पा, कुकरात..."

"कुकरात प्रेशर असतं बाळा, सायन्सला नव्हतीस का? हिशोब केलाय मी. बारा शिट्ट्या." (काम चालू असताना मी बाळ असते, बिल दिलं की मॅडम होते.)

आजी शांतपणे लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "खाली वरण-भात लावलाय गं, वरच्या डब्यात ते. एका गॅसमध्ये होतंय."

मी घाबरून म्हटलं, आजी, त्या प्लायमध्ये फिनॉलचा गम असतो, ते वरण खाऊ नका! आप्पा गर्रकन वळले. "म्हणजे गम सुटतो? तुम्हीच म्हणताय हां!"

यावर काय बोलणार? गप्प बसले आणि आठवी, नववी, दहावी मोजली.

असे नमुने मलाच का मिळतात देव जाणे. एकांना ईशान्येलाच देवघर हवं होतं आणि त्यांच्या ईशान्येला बिल्डरने लिफ्ट दिलेली, दोन महिने मी होकायंत्र घेऊन त्या घरात हरवलेल्या खलाशासारखी फिरले. दुसऱ्या एक बाई पिंटरेस्टवरचा कुठल्यातरी बंगल्याचा हॉल दाखवून म्हणाल्या, सेम असाच हवाय, त्यांचा हॉल दहा बाय चौदा. हे सगळं मी हसत सांगते, लोकही हसतात, पण डिझाइन फी म्हटली की यांचे चेहरे बघा. नुसतं चित्र काढायचे कसले पैसे? चार वेळा ड्रॉइंग बदलून घेणार, मग तेच ड्रॉइंग भाच्याच्या ओळखीतल्या सुताराला देणार, वर त्याला एखादं माप कळलं नाही की रात्री साडेदहाला फोन मलाच. दाताच्या डॉक्टरला म्हणता का हो, नुसतं बघायचे कसले पैसे?

असो. बारा झाल्या. आप्पांनी चिमट्याने तुकडा काढला, नखाने पदर सुटतो का बघितलं, 18 एमएमचा 18 आहे का मापलं, मग डायरी उघडून तारीख घातली आणि लिहिलं 'उत्तीर्ण (सशर्त)'. माझी सही मागितली. मी केली! पंधरा वर्षं या धंद्यात आहे आणि मी शिजलेल्या प्लायच्या निकालावर सही केली.

"सशर्त म्हणजे?" मी विचारलं.

"कुकरची रिंग गेली ना. 180 रुपये. बिलातून वजा करा, मॅडम."

केलेत.