तयारी : १० मिनिटे

पाककृतीच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘बीफ खिम्याच्या सोप्या एन्चिलाडा. तयारी : १० मिनिटे. एकूण वेळ : ३० मिनिटे.’ एन्चिलाडा म्हणजे टॉर्टियांत, मक्याच्या पातळ पोळ्यांत, सारण भरून गुंडाळायचं आणि वर सॉस-चीज घालून ओव्हनमध्ये ठेवायचं. यातल्या ‘सोप्या’ या शब्दाला मी भुललो आणि आकड्यांना माझी मुलगी. ती अकरा वर्षांची आहे. मोबाइलमधलं स्टॉपवॉच तिला नुकतंच सापडलंय. सध्या आमच्या घरात कुणी दात घासायला गेलं तरी त्याची नोंद होते.

“बाबा, तू ‘सुरू’ म्हण, मी लावते.”

कांदासुद्धा बाहेर न काढता मी ‘सुरू’ म्हणून मोकळा झालो.

मग साहित्य वाचायला घेतलं. मक्याच्या टॉर्टिया १२. बीफचा खिमा अर्धा किलो. कांदा १, बारीक चिरलेला. लसणाच्या पाकळ्या ३, ठेचलेल्या. चीज २ वाट्या, किसलेलं. सॉस २ वाट्या, तयार. ही यादी वाचताना कुणालाही घाम फुटत नाही, आणि तीच तिची लबाडी. शाळेत धातुसाधित विशेषणं शिकवली तेव्हा ‘याचा पुढे काय उपयोग?’ असं मला वाटलं होतं. उपयोग हा! पाककृती लिहिणारी मंडळी सगळे कष्ट या विशेषणांच्या पोटात दडवून ठेवतात. कांदा जमिनीतून चिरलेलाच उगवतो. चीज किसलेल्या अवस्थेतच जन्माला येतं. या कामांचा वेळ ‘तयारी’त धरायचा नाही, कारण ती कामं नव्हेतच, ते साहित्य! बरं, एकूण तीस मिनिटांतली वीस ओव्हनची. उरली दहा. त्या दहा मिनिटांत खिमा परतायचा, बारा टॉर्टिया भरायच्या, गुंडाळायच्या आणि ट्रेमध्ये मांडायच्या. खिम्याला काहीच वेळ लागत नाही असं धरलं तरी टॉर्टियामागे पन्नास सेकंद.

“सतरा मिनिटं,” मुलगी म्हणाली. तेव्हा मी किसणीपर्यंत पोहोचलो होतो.

किसलेलं चीज पाकिटात मिळतं, मान्य. पण त्याचे तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो आणि त्यामुळे ते वितळताना जरा हटून बसतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं हाच माझा मोठा दोष. सोप्या पाककृतीला माणूस अडाणी लागतो.

सॉसच्या बाबतीत या दोषानं कहर केला. ‘सॉस, तयार’ म्हणजे डब्यातला. झाकण उघडा, ओता, विषय संपला. या खिम्याच्या एन्चिलाडा मुळात अमेरिकेतल्या टेक्सासच्या. तिथे डबा नसला तरी फार अडत नाही. तेलावर थोडा मैदा परतायचा, त्यात मिरचीची मसाला-पूड आणि बीफचं किंवा कोंबडीचं पाणी घालायचं, की झाली ग्रेव्ही. ही पूडसुद्धा तिकडचीच सोय : १८९०च्या दशकात न्यू ब्राउनफेल्स या टेक्सासमधल्या गावात विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन गृहस्थानं वाळक्या मिरच्या जिरं, ओरेगानोबरोबर दळून बाटलीत भरायला सुरुवात केली. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच एका भल्या माणसानं माझी रविवारची संध्याकाळ वाचवून ठेवली होती. पण माझ्या कपाटात हौसेनं आणून विसरलेल्या आंचो आणि ग्वाहीयो मिरच्यांचं पाकीट होतं. म्हटलं, करायचंच तर मुळापासून. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो मिरची. सुरकुतलेली, जवळजवळ काळी, वासाला मनुकांसारखी गोडसर. ग्वाहीयो लांबट, तुळतुळीत, पातळ सालीची. दोघींचे देठ खुडायचे, बिया झटकायच्या आणि कोरड्या तव्यावर भाजायच्या. किती? तर काही सेकंद. रंग बदलला, वास सुटला की लगेच काढायच्या, नाहीतर सॉस कडू होतो. मी मिरच्या तव्यावर टाकल्या आणि तेवढ्या सेकंदांत एन्चिलाडा या शब्दाचा अर्थ पाहून घ्यावा म्हणून मोबाइल उचलला.

स्पॅनिशमध्ये ‘एन्चिलार’ म्हणजे मिरची लावणं. एन्चिलाडा म्हणजे मिरची लावलेली. मी दोनदा वाचलं. ‘लावलेली’! म्हणजे अख्ख्या पदार्थाचं नावच धातुसाधित विशेषण! चिरलेला, ठेचलेल्या, किसलेलं हे सगळे किरकोळ गुन्हेगार. टोळीचा म्होरक्या शीर्षकात उजळ माथ्यानं बसला होता आणि मला कळलंही नव्हतं. आणि हे आजचं नव्हे. १८३१ साली मेक्सिकोत छापलेल्या पाकपुस्तकातही एन्चिलाडा आहेत, म्हणजे जवळपास दोनशे वर्षं लोक या विशेषणाखाली मुकाट राबतायत. त्याच पानावर पुढे होतं की तिखट लागून हाशहुश करणाऱ्या माणसालाही ‘एन्चिलादो’च म्हणतात, आणि चिडलेल्यालासुद्धा

इथे वाक्य संपायच्या आत मला ठसका लागला.

ग्वाहीयो काळी पडली होती. साध्या ठसक्यात आधी घसा खवखवतो, मग खोकला येतो. हा थेट मुळावरच आला. मी खोकलो, मुलगी खोकली, आतल्या खोलीतून बायको खोकत आली आणि तोंडावर ओढणी धरून म्हणाली, “अरे, काय जाळतोयस?”

“भाजतोय,” मी म्हणालो. पुढचं बोलता आलं नाही. तिनं खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की तिच्यासाठी वेगळं स्पॅनिश विशेषण शोधायची गरज उरली नाही.

दुसऱ्या खेपेच्या मिरच्या मोबाइल लांब ठेवून भाजल्या. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवल्या, लसूण-जिऱ्याबरोबर वाटल्या, गाळणीतून गाळल्या. गाळणीतून सॉस गाळणं म्हणजे चमच्याची पाठ जाळीवर घासत घासत आयुष्याचा विचार करणं. थेंब पडतो, मग दुसरा पडतो. शेवटी मिरचीची साल जाळीत कागदासारखी उरते आणि खाली दोन वाट्या सॉस जमतो. गडद विटकरी, चकाकता, गरम तेलात पडला की रटरटून ओट्याचा कोपरा न् कोपरा रंगवणारा. चाखून पाहिला. तिखट नाकात न जाता जिभेवर रेंगाळत होतं, मागून गोडवा येत होता. त्या एका चमच्यासाठी मी सगळ्यांना माफ केलं. गेबहार्टलासुद्धा.

“एक तास नऊ मिनिटं.”

खिम्याचं फार सांगत नाही. बीफचा हा खिमा मेक्सिकोत तसा उशिरा आलेला पाहुणा. गाईबैलच मुळात स्पॅनिश लोकांबरोबर, १५२१ नंतर तिथे उतरले, आणि खिमा अधिक पिवळं चीज ही जोडी तर सीमेपलीकडच्या टेक्सासची. पण पाहुणा कुठलाही असो, त्याला बसायला जागा लागते. मी अर्धा किलो एकदम लहान कढईत लोटला. त्यानं पाणी सोडलं आणि तो आपल्याच पाण्यात पोहायला लागला. रंग तपकिरी व्हायच्या ऐवजी पावसाळी ढगासारखा करडा. पाणी आटेपर्यंत खमंग वगैरे काही होत नसतं, म्हणून मी झाऱ्यानं गुठळ्या फोडत उभा राहिलो. अर्ध्या तासानं तो परतला गेला. परतलेला खिमा!

आणि मग टॉर्टिया.

पाककृतीत त्यांच्याबद्दल एकच वाक्य होतं : ‘कोमट केलेल्या टॉर्टियामध्ये सारण भरून गुंडाळा.’ मला वाटलं, कोमट काय करायचं, घर आधीच तापलंय. पाकिटातली पहिली टॉर्टिया हातावर घेतली, मधोमध सारणाची रेघ ओढली, एक कड उचलली. टक्! वहीचं पान घडीवर फाटावं तशी ती सरळ रेषेत फाटली. दुसरी दोन ठिकाणी फाटली. तिसरी उचलताना अंगठा आरपार गेला. चौथी मी श्वास रोखून, तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशी गुंडाळली. ती गुंडाळली गेली, दोन सेकंद तशीच राहिली, आणि मग पाठीवरून हळूहळू उसवत गेली. आवाजसुद्धा केला नाही बिचारीनं.

तिचाही दोष नव्हता. गव्हात ग्लुटेन असतं, ते पीठ ताणतं, धरून ठेवतं. मक्यात ते नाही. मेक्सिकोतल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी यावर तोड काढली. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग वाटायचा, म्हणजे त्याचं पीठ मळता येतं, थापता येतं. पण टॉर्टिया गार झाली की तिच्यातला स्टार्च पुन्हा कडक होतो आणि ती म्हातारपणच्या गुडघ्यासारखी वाकायला नकार देते. गरम केली की तात्पुरती वळते. म्हणजे ‘कोमट केलेल्या’ हे विशेषण सजावटीला नव्हतं. सगळी एन्चिलाडा त्याच खुंटीवर टांगलेली होती.

म्हणून पाचवी गरम तेलात सोडली. मुलगी नेमकी तेव्हाच वेळ सांगायला आली. वळून पाहतो तर टॉर्टिया कडक, कुरकुरीत, वाजवली तर वाजेल अशी. ती एन्चिलाडा व्हायची संधी हुकली, तिची तोस्तादा झाली. तोस्तादा म्हणजे भाजलेली. पुन्हा तेच! मुलीनं ती उभ्याउभ्या कुडुमकुडुम संपवली आणि “ही सगळ्यात सोपी होती,” असं मत दिलं.

सहावीपासून मात्र हात बसला. तेलात एका बाजूनं चार-पाच सेकंद, उलटून तेवढेच, चिमट्यानं उचलायची, तेल निथळू द्यायचं, सॉसमध्ये दोन्ही अंगांनी बुडवायची. आता ती ओल्या रुमालासारखी लोंबते. ताटलीत पसरायची, सारण, चीज, सुरळी, आणि टोक खाली दाबून ट्रेमध्ये. बोटं पोळतात, कोपरापर्यंत लाल ओघळ येतात, पण फाटत नाही. सात टॉर्टिया अशा शेजारी शेजारी निजल्या. वर उरलेला सॉस, वर चीज.

मेक्सिकोत एक बोलणं आहे. एखाद्याला काम फारच सोपं वाटायला लागलं की म्हणतात, हे काही ‘एन्चिलामे ओत्रा’ नव्हे. म्हणजे ‘माझ्यासाठी अजून एक मिरचीत बुडव’ असं बसल्या जागेवरून फर्मावण्याइतकं हे सोपं नाही. म्हण कुणी काढली ते मला सांगायची गरज नाही. फर्मावणारा बसलेला होता, एवढं पुरे. ‘सोप्या’ हा शब्दही त्यानंच छापायला दिला असणार.

प्रश्न उरला चार फाटक्यांचा. टाकवत नव्हत्या. तेव्हा न्यू मेक्सिको, म्हणजे टेक्सासशेजारचं अमेरिकेतलं राज्य, मदतीला धावून आलं. तिथल्या शहाण्या लोकांनी गुंडाळायचा नादच सोडलाय. टॉर्टिया सपाट ठेवायच्या, मध्ये सॉस आणि चीज, एकीवर एक अशी चळत रचायची, वर तळलेलं अंडं. मी ठिगळं जुळवून चळत रचली आणि अंड्यानं फाटकी जागा झाकली. अंडं इतकं उपयोगी पडताना मी प्रथमच पाहिलं.

वीस मिनिटं ओव्हनमध्ये, १८० अंशांवर. पाककृतीतला खरा ठरलेला एकमेव आकडा. कडेनं सॉस बुडबुडत होता, चीजवर तपकिरी ठिपके आले होते.

बायकोनं चळतीकडे बोट दाखवलं. “हे काय?”

“न्यू मेक्सिको पद्धत.”

“आणि गुंडाळलेल्या?”

“टेक्सास.”

“आणि हा मधे जरा उघडा पडलाय तो?”

“तो सीमेवरचा.”

ती हसली आणि तिनं चळतच घेतली. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मधूनमधून नाक ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. मुलीनं आधी दोन खाल्ल्या. मग मोबाइलवरची नजर न हलवता ताटली माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, “बाबा, अजून एक.”

मी वाढली. दुसरं काय करणार?

“बरं, आता तरी थांबव ते घड्याळ,” मी म्हणालो. तिच्या पडद्यावर दोन तास एक्कावन्न मिनिटं झाली होती आणि सेकंद पळत होते.

तिनं रिकाम्या ट्रेकडे पाहिलं. त्याच्या चारही कडांना करपलेलं चीज आणि सॉस यांचं लाल-काळं काँक्रीट धरलं होतं.

“यादीत पहिलंच काय असतं, माहितीये?” ती म्हणाली. “ट्रे, धुतलेला.”