टू-सीटर बघायला जाताना घरातली सगळी माणसं न्यावीत

सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायचीय? वा वा. म्हणजे घ्यायची नाहीये, बघायचीय, हे आपलं आपल्यात. मी गेले अडीच महिने माझी गाडी विकतोय, रत्नागिरीत, आणि या अडीच महिन्यांत जे जे लोक अंगणात येऊन गेले त्यांच्याकडूनच ही कला शिकलोय. फुकट शिकलो असं लिहिणार होतो, पण मागच्या रविवारनंतर तसं म्हणता येत नाही. ते पुढे येईलच.

गाडी कोणती ते आधीच सांगतो, नाहीतर पहिला प्रश्न तोच येणार. बीएमडब्ल्यू झेड४, २०११ ची, पस्तीस-आय. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३०६ बीएचपी, बटण दाबलं की छप्पर वीस सेकंदांत दुमडून डिकीत जातं. सीट दोन. परत सांगतो, दोन. जाहिरातीत लिहिलंय, फोटोत दिसतंय, फोनवर पण सांगतो. विकायचं कारणही तेच, पोरगी झाली, घरात माणसं तीन आणि गाडीत जागा दोनच. शिवाय माझी कंबर.

तर सुरुवात मेसेजपासून करायची. नमस्कार, नाव, गाव असल्या गोष्टींत वेळ घालवू नका. रात्री साडेअकराला 'लास्ट?' एवढंच टाका. समोरून अठरा लाख आलं की लगेच 'दहा फायनल, आत्ता निघतो'. कुठून निघताय ते सांगू नका. निघूही नका.

'का विकताय?' हे विचाराच, आणि उत्तर काहीही आलं तरी 'नाही पण, काहीतरी असणारच' असं म्हणा.

अ‍ॅव्हरेज विचारा. स्पोर्ट्स कारचं अ‍ॅव्हरेज विचारणं म्हणजे लग्नात पंगतीला बसून भाताचा भाव विचारण्यासारखं आहे, पण विचारा.

आता प्रत्यक्ष जायचं. सकाळी दहाची वेळ ठरली असेल तर साडेबाराला पोचा, म्हणजे त्या घरच्या बाईला 'जेवूनच जा' म्हणावंच लागतं. रविवार गाठा, कोकणात रविवारी घरात मासे असतात. आणि माणसं न्या. टू-सीटर बघायला कमीत कमी पाच. माझ्याकडे मागच्या रविवारी आले ते असे : गाडी घेणारा (पोरगा डोंबिवलीचा, गाव पावसच्या पुढे), त्याचे गावचे काका, मेव्हणा, मेव्हण्याचा मित्र जो 'गाड्यांतला' आहे, आणि एक लहान मुलगा, ज्याचं कोणाशी काय नातं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्याला छप्पर उघडबंद करायला फार आवडलं. नऊ वेळा.

'गाड्यांतला' माणूस पाहिजेच. त्याने दारावर टिचकी मारून 'पत्रा पातळ आहे' म्हणायचं आणि टायरला लाथ मारायची. लाथेने काय कळतं हे मी आता विचारायचं सोडलंय. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर २२२३ आहे, म्हणजे २०२३ चा बाविसावा आठवडा. हे मी अडीच महिने पाठ करून बसलोय, कुणीतरी विचारेल म्हणून. लाथ मात्र आतापर्यंत अकरा जणांनी मारली.

मग डिकी उघडून 'स्टेपनी कुठाय?' स्टेपनी नाहीये, कंपनीनेच दिलेली नाही, रन-फ्लॅट टायर आहेत, हवा गेली तरी थोडं अंतर चालतात. 'बघा, बोललो ना, काहीतरी असणारच.'

कुडाळचे एक गृहस्थ येऊन गेले, त्यांनी दार उघडून आत वाकून शांतपणे विचारलं, 'मागे बसूचा खय?' त्यांच्यावर माझा राग नाही. निदान प्रामाणिक प्रश्न होता. दुसऱ्या एकांनी डिकीत हापूसच्या पेट्या किती बसतील ते विचारलं. छप्पर आत घेतल्यावर डिकी उरते १८० लिटर, तुमचं तुम्ही गणित करा.

काय बघू नये ते पण शिकून घ्या. बॉनेटला हात लावू नका. मी त्या रविवारी सकाळपासून गाडी मुद्दाम चालू केली नव्हती, कारण जुनी गाडी बघणारा माणूस आधी बॉनेटवर हात ठेवतो, इंजिन गरम लागलं की समजायचं मालकाने आधीच चालू करून ठेवलीय, आणि ज्याला लपवायचं असतं तोच तसं करतो. रात्रभर थंड झालेलं इंजिन पहिल्या स्टार्टला खरं बोलतं. निळा धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा थांबतच नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जातंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. मी स्टार्टचं बटण दाबलं, मागे जाऊन उभा राहिलो, म्हटलं बघा. गाड्यांतल्याने विचारलं, 'हॉर्न कसाय?'

खाली वाकूनही बघू नका. किनाऱ्यावरची गाडी आहे, खारा वारा आहे, सस्पेन्शनचे बोल्ट, ब्रेकचे पाइप, एक्झॉस्टचे क्लॅम्प, सगळं गंजतं, ते खालूनच दिसतं, वरून पॉलिश मारलेली दिसते. शिवाय २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं त्यानंतर आमच्या जिल्ह्यातल्या गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघायचा असतो, पाण्याची रेघ आणि गाळ त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर राहतो, सीटच्या खालच्या रेल्समध्ये राहतो, आणि कितीही शाम्पू मारा, पहिल्या पावसात वास येतो तो येतोच. माझी गाडी पुराच्या पाण्यात गेलेली नाही हे दाखवायला मी ओळखीच्या गॅरेजमध्ये रॅम्प सांगून ठेवला होता, रविवार असून. कोणी आलं नाही. 'कपडे खराब होतील हो.'

सर्व्हिसची फाइल. पहिल्या मालकापासूनची सगळी बिलं, ऑइल कधी, प्लग कधी, ब्रेक पॅड कधी, इन्शुरन्स, पीयूसी, मॅन्युअल, दुसरी चावी. ही फाइल माझ्या लग्नाच्या अल्बमपेक्षा जाड आहे आणि जास्त नीट ठेवलीय. तिचा उपयोग झाला. लाईट गेली होती, काकांनी तिने वारा घेतला.

आणि आता टेस्ट ड्राइव्ह, जी खरी गंमत आहे.

टेस्ट ड्राइव्ह मागताना 'एक छोटा राउंड' असं म्हणायचं. लायसन्सचा विषय काढायचा नाही. मालक म्हणाला मी पण येतो, तर म्हणायचं, 'दादा, तुम्ही बसलात तर मेव्हण्याने कुठे बसायचं?' बघा किती सोपं आहे. दोनच सीट आहेत हे ज्यांना पाऊण तास पटत नव्हतं त्यांना नेमकं त्या वेळी पटलं. आणि मी, गाढव, चावी दिली. कारण 'काका आहेत ना इथे'. तारण म्हणून काका. काका सोलकढीची दुसरी वाटी घेत होते, मला वाटलं माणूस सोडून कुठे जाणारेत.

सव्वा एक वाजता गेले. भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन येतो म्हणाले, म्हणजे दहा मिनिटं, ट्रॅफिक धरा वीस. पावणेदोन झाले. दोन झाले. अडीचला फोन लावला तर स्विच ऑफ. गाड्यांतला आमच्या झोपाळ्यावर झोपला होता. पावणेतीनला फोन आला. 'दादा, एक छोटासा प्रॉब्लेम झालाय.'

रील. रील काढायला गाडी भाट्याच्या किनाऱ्यावर घातली. सुरूच्या बनाकडून खाली, ओली वाळू कडक असते म्हणून पाण्याच्या जवळ, छप्पर उघडं, मेव्हणा बाहेर उतरून मोबाईल धरून, आणि हा हिरो म्हणे लाटेच्या कडेकडेने येणार. अरे, मागच्या चाकांना ताकद जाणारी गाडी आहे ती, ३०६ घोडे त्या दोन चाकांवर, आणि पोट जमिनीपासून वीतभर पण वर नाही. ती रुतली. रुतल्यावर माणूस काय करतो? अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, खाली उतरतो, हाताने वाळू काढतो. याने पाय दाबला. अजून दाबला. चाकं खणत खणत खाली गेली आणि गाडी पोटावर बसली, म्हणजे आता चाकं हवेत फिरल्यासारखी आणि गाडी कासवासारखी. हे सगळं रीलमध्ये आहे. मला पाठवलंय पण. गाणं लावून.

मी फोनवर ओरडत होतो आणि पाठीमागे काका ताटावरून न उठता म्हणाले, 'आज षष्ठी ना? सहाची पाऊणपट... साडेचारला फुल्ल भरती.' अगदी शांतपणे, आमटी वाढा म्हणतात तसं. काकांना तिथीच्या आकड्याच्या पाऊणपटीवरून भरतीची वेळ कळत होती, फक्त पुतण्याला सांगायचं राहिलं होतं.

सव्वातीनला मी तिथे. ट्रॅक्टर मिळवला, दोर मिळवला. गाडीला ओढायला पुढे स्क्रू करून लावायचा एक हुक असतो, तो गाडीच्या टूलकिटमध्ये असतो, तो कुठे आणि कसा बसवायचा ते मॅन्युअलमध्ये आहे, मॅन्युअल फाइलमध्ये आहे, आणि फाइल घरी काकांच्या हातात. मी पोचेपर्यंत या दोघांनी बंपरलाच दोर बांधून गावातल्या चार पोरांकडून ओढून घेतलं होतं. बंपर आला. गाडी नाही आली. शेवटी हुक लावून ट्रॅक्टरने काढली तेव्हा पाणी चाकाच्या मधल्या हबच्या वर होतं. डिस्क, बेअरिंग, ब्रेक, सगळं समुद्रस्नान. तीन दिवस विहिरीच्या गोड्या पाण्याने धुतोय. मागून खरखर आवाज येतोय तो येतोच आहे.

किनाऱ्यावर गाडी घातली म्हणून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो आणि हसतो. पोलीस आले असते तर नाव कोणाचं? आरसीवरचं. माझं.

यानंतर भाव करायचा असतो. हो, यानंतरच! मला वाटलं होतं पोरगा मान खाली घालून निघून जाईल. अंगणात उभा राहून, पँट गुडघ्यापर्यंत ओली, तो म्हणाला, 'दादा, आता गाडी खाऱ्या पाण्यात गेलेली आहे, त्या हिशोबाने जरा बघा ना. आम्ही बारा धरले होते, आता नऊ. पाच आत्ता, बाकीचे आंब्यावर, सीझनचे पैसे आले की.' वर 'मुंबई-गोवा हायवेने आलोय, ते पण समजून घ्या.' आणि शेवटी, 'टीटी फॉर्मवर सह्या करून द्या, नावावर नंतर करून घेऊ.'

एकोणतीस नंबर, तीस नंबर, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, आणि ते कोरे असताना त्यावर माझ्या सह्या. म्हणजे गाडी तुझ्या दारात, चलन माझ्या मोबाईलवर. उद्या तू कोणाला उडवलंस तरी भरपाईला मीच, सुप्रीम कोर्टाने २०१८ सालीच सांगून ठेवलंय, आरसीवर ज्याचं नाव तो मालक. तुझ्या हातात मी चावी देऊन बघितली दीड तास, नाव कसं ठेवू?

आता सल्ले बिल्ले राहू देत. सरळ बोलतो. तुम्हाला गाडी घ्यायची नाहीये हे तुम्हाला निघतानाच माहीत असतं. पैसे नाहीयेत, हरकत नाही, माझ्याकडे पण नव्हते, आठ वर्षं कागदावर गणितं केली आणि मग घेतली. बघायची हौस असेल तर तसं सांगा, 'दादा, घेणार नाही, फक्त बसून बघू दे', मी स्वतः चक्कर मारून आणीन, छप्पर उघडून, गणपतीपुळ्यापर्यंत, चहा पण पाजीन. पण घेणाऱ्याचं सोंग घेऊन येऊ नका. एका माणसाचा रविवार जातो, बायको सकाळपासून स्वयंपाकघरात असते, मी आदल्या दिवशी गाडी धुतलेली असते, रॅम्पवाल्याला रविवारी थांबवलेलं असतं. लाज वाटत नाही का? दुसऱ्याची वस्तू हातात घेताना जरा हात थरथरायला हवा, इथे अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पण थरथरत नाही. आणि तुम्ही काका, तुम्ही तर मोठे, जेवण चांगलं झालं म्हणालात जाताना, बरं वाटलं, पण दीड वाजता 'भरती लागलीय, पोरं कुठे गेली बघा' एवढं एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

गाडी अजून विकायची आहे. आवाजाचं काम करूनच देणार, आणि समुद्रात गेली होती हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगणार, रील दाखवून. चावी विसार हातात आल्यावर, लायसन्स बघून, आणि बाजूच्या सीटवर मी. मेव्हण्याने झोपाळ्यावर बसायचं.

आणि डोंबिवलीकर, ट्रॅक्टरवाल्याचे साडेतीन हजार मी माझ्या खिशातून दिलेत. ते आंब्यावर नकोत, आत्ता टाका.