मीटरच्या पुढचा पाइप कोणाचा?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार.

आमच्या वाड्यात नळाची नवी लाइन टाकली. वरच्या बिऱ्हाडांनी आपापले पैसे भरले, कामं झाली. तळमजल्यावरच्या काकूंची लाइन जुनीच राहिली. मालक म्हणतात, "भाडं किती येतं ते बघा आधी." काकू म्हणतात, "असू दे रे, इतकी वर्षं तेच पाणी पितेय."

काढलेले पाइप आतून गंजाने बुजलेले होते. पण गंज निदान दिसतो. जुन्या पाइपांतून पाण्यात शिसंही उतरू शकतं, आणि शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएसची (गिलन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली तेव्हा अख्खं पुणं पाणी उकळून प्यायला लागलं. उकळल्याने जंतू मरतात हो, शिसं जात नाही! आपल्याकडे पीव्हीसी पाइपांतसुद्धा शिशाचं स्टॅबिलायझर (प्लास्टिक टिकावं म्हणून घालायचं रसायन) घालत. ते थांबवायचे नियम केंद्राने २०२१ मध्ये काढले. त्याआधी भिंतीत गाडलेल्या पाइपांचं काय?

काकूंच्या नळात शिसं आहे की नाही, कोणी तपासलंय? त्यांच्याकडे दिवसभर छोटी नात असते. शिशाचा सगळ्यात मोठा फटका एवढ्याशा मुलांच्या मेंदूला बसतो. आणि हे आपण मालकाच्या मर्जीवर सोडायचं? का, तर मीटरपर्यंत महापालिका, पुढे तुमचं तुम्ही बघा.

पैसे नाहीत हे मला सांगू नका. चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी याच महापालिकेने २०१७ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले होते. पाण्यासाठी कर्ज काढता येतं, फक्त ते दारापाशी येऊन थांबतं. अमेरिकेतल्या नेवार्क शहराने २०१९ पासून तीनएक वर्षांत शिशाच्या २३ हजारांच्या आसपास घरजोडण्या बदलल्या. त्यासाठी कर्जरोखे काढले. खासगी हद्दीतला तुकडाही बदलला, रहिवाशांकडून दमडी घेतली नाही. मालकाच्या परवानगीवाचून काम करता यावं म्हणून ठरावही केला, कारण तिथेही बहुतेक लोक भाडेकरूच.

हो, तो श्रीमंत देश आहे. आणि फुकट म्हटलं की बंगलेवालेही रांगेत उभे राहतील, हेही मान्य. मग त्यांच्याकडून मिळकतकराबरोबर हप्त्याने घ्या ना! काकूंकडून कशाला?

"आरओ बसवा" असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांनी आधी काकूंची मोरी बघून जावी. तिथे बादली ठेवली की माणूस मावत नाही.

असो. मालकांवरही फार चिडून उपयोग नाही, त्या भाड्यात खरंच रंगसुद्धा निघत नाही. म्हणूनच तर हे काम सार्वजनिक पैशातून व्हायला हवं.

प्रभागातल्या नगरसेवकांना अर्ज देतोय. वाड्यांतल्या मीटरपुढच्या लाइनी मोजा, पाणी तपासा, भाडेकरूंच्या लाइनी महापालिकेच्या खर्चाने बदला. पेठांतले जे कोणी सही करणार असतील त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, कागद घेऊन मी घरी येतो.