लॉरा कीन त्या रात्रीच्या आधीही होती

‘लॉरा कीन ही सुमार नटी. वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनवर गोळी झाडली गेली तेव्हा योगायोगाने तिथे होती म्हणून नाव उरलं, आणि त्याच रात्री तिची कारकीर्दही संपली.’ हे वाक्य या ना त्या रूपात सारखं फिरत असतं. मला त्याचा मनापासून राग येतो.

आधी तो ‘योगायोग’. १४ एप्रिल १८६५ चा ‘अवर अमेरिकन कझिन’चा प्रयोग हा लॉराचाच बेनिफिट होता, म्हणजे उत्पन्न तिच्यासाठी. जाहिरातीत ‘व्यवस्थापिका, लेखिका आणि अभिनेत्री’ असा तिचा उल्लेख आहे. नाटक टॉम टेलर या इंग्रज लेखकाचं, पण अमेरिकेत ते ऑक्टोबर १८५८ मध्ये पहिल्यांदा उभं केलं ते तिनेच. लिंकन तिचं नाटक बघायला आले होते.

आणि सुमार? इंग्लंडहून १८५२ मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या या बाईने तीन वर्षांत स्वतःच्या नावाने थिएटर चालवायला घेतलं. वर्षभरात ती जागा हातची गेली, तर नोव्हेंबर १८५६ मध्ये तिने ब्रॉडवेवर दुसरं, नवं कोरं थिएटर उघडलं. तिचा दरारा असा की कंपनीतली मंडळी तिला ‘डचेस’ म्हणत. जोसेफ जेफरसन आणि ई. ए. सदर्न हे नट ‘कझिन’मुळे गाजले, ते तिच्याच कंपनीत. ‘कझिन’मधली लॉर्ड डनड्रेरीची भूमिका सुरुवातीला इतकी किरकोळ होती की सदर्न ती घ्यायलाच नाखूश होता! १८६० मध्ये आलेल्या ‘द सेव्हन सिस्टर्स’चे २५३ प्रयोग झाले. फिलाडेल्फियात दुसऱ्यांनी ‘कझिन’ परस्पर लावलं तेव्हा ती कोर्टात गेली. ‘कीन विरुद्ध व्हीटली’ हा तो खटला नाटकाच्या हक्कांचा इतिहास सांगताना टाळता येत नाही.

कारकीर्द त्या रात्री संपली, हेही चूक. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६३ मध्येच तिने ब्रॉडवेवरचं थिएटर सोडलं होतं आणि ती दौऱ्यांवर निघाली होती. म्हणून तर ती वॉशिंग्टनमध्ये होती. हत्येनंतर पुढच्या मुक्कामाला जाताना तिला अटक झाली, लगेच सुटकाही झाली, आणि ती पुन्हा कामाला लागली. १८६९ मध्ये फिलाडेल्फियाचं चेस्टनट स्ट्रीट थिएटर तिच्याकडे होतं. ती गेली १८७३ मध्ये, जेमतेम सत्तेचाळिसाव्या वर्षी.

त्या रात्री लिंकनच्या रक्ताचे डाग पडलेला तिच्या पोशाखाचा कफ अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवला आहे. ब्रॉडवेवरचं तिचं थिएटर १८८० मध्ये पाडलं.