फॉर्म भरला म्हणजे कोर्स कायमचा ठरला, हे खरं नाही

बारावीचा निकाल लागला की परळ-लालबागच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे तीन ठिकाणांहून आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरला की कोर्स बदलता येत नाही, बदललाच तर फी बुडते, ओरिजनल कागद अडकतात, वर्ष वाया जातं, स्कॉलरशिप बंद होते आणि पुढे नोकरी देणारे त्यावरूनच नाकारतात, तेव्हा मुलांचे हट्ट पुरवू नका, घेतलंय त्यातच टिकवा.

मी ज्युनियर कॉलेजात २१ वर्षं शिकवते आहे आणि दर जूनमध्ये आमच्या वाडीच्या वाचनालयात मुलांचे फॉर्म भरायला बसते. या मेसेजमधलं शेवटचं वाक्य मला फार लागलं, कारण त्याने आमच्याच घरात काम केलं. माझ्या भाचीला अकाउंटिंग-फायनान्सच्या बीकॉमला जागा मिळाली होती. मनातून तिला बीए करायचं होतं, मानसशास्त्र घेऊन. तिने ते घरात कुणाला सांगितलंच नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आत्या, आता बोलून काय उपयोग, फॉर्म गेलाय." म्हणून हे एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

"फॉर्म भरला की संपलं." अर्ज आणि प्रवेश या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी करायची, मग कॉलेजांत अर्ज करायचे, मग गुणवत्ता याद्या लागतात: पहिली, दुसरी, तिसरी. एकच मूल एका कॉलेजात बीएला आणि दुसऱ्यात बॅफला (अकाउंटिंग-फायनान्सच्या बीकॉमला) अर्ज करू शकतं, आणि कित्येक जण करतातच. नाव यादीत लागलं, कागद तपासले गेले, फी भरली, तेव्हा प्रवेश होतो. तोवर तुम्ही कुणाला कसलाही शब्द दिलेला नसतो. ज्या कोर्सला अर्जच केला नव्हता तिथेही पुढच्या याद्यांनंतर जागा उरल्या असतील तर थेट कॉलेजात चौकशी करावी. मोठ्या नावाच्या कॉलेजांत त्या उरत नाहीत, पण दादर ते विरार सगळीकडे तसं नसतं. इंजिनीअरिंग, फार्मसीची कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया वेगळी. तिथे ती चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय जागा पक्की करू नका.

"फी बुडते." मेसेजमधलं सर्वांत घाबरवणारं वाक्य हेच. ज्या घरात फीसाठी भिशी उचललेली असते तिथे ते बरोबर वर्मी बसतं. म्हणून इथे जरा थांबते.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परताव्याची अधिसूचना काढली. प्रवेशाची जी अधिकृत शेवटची तारीख असते तिच्या १५ किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर १०० टक्के फी परत. त्यातून प्रक्रियाखर्च म्हणून फार तर ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या वर नाही, एवढंच कापता येतं. शेवटची तारीख १५ दिवसांच्या आत आलेली असेल तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. ३० दिवसांनंतर काही नाही. अनामत रक्कम या हिशेबात येत नाही, ती पूर्ण परत करायची असते. आणि हे पैसे लेखी अर्ज दिल्यापासून १५ दिवसांत मिळाले पाहिजेत.

त्यानंतरच्या काही वर्षांत यूजीसीने याहून सैल मुदत दिली. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून, असं परिपत्रक होतं. दर वर्षीची तारीख वेगळी असू शकते, तेव्हा त्या-त्या वर्षीचं परिपत्रक यूजीसीच्या वेबसाइटवर जाऊन बघायचं. कुणी फॉरवर्ड केलेल्या फोटोवर विसंबायचं नाही. फीबद्दल मेसेजात एवढंच खरं आहे की उशीर केला की पैसे जातात. पण मूल जुलैमध्ये म्हणत असेल "मला हे नको", तर त्याला ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत गप्प बसवणारा हाच मेसेज आहे. पैसे बुडवतो तो हा उशीर.

"ओरिजनल अडकतात." त्याच अधिसूचनेत याचंही उत्तर आहे. मूळ गुणपत्रिका, दाखला हे प्रवेशाच्या वेळी समोर बसून तपासायचं, स्वसाक्षांकित प्रती ठेवून घ्यायच्या आणि मूळ कागद लगेच विद्यार्थ्याला परत द्यायचे. कोर्स सोडू नये म्हणून ते दाबून ठेवायला परवानगी नाही. माझ्या अनुभवात खिडकीवरचा माणूस "नंतर या" म्हणतो आणि आईवडील परत फिरतात. फिरू नका. कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, २०२३ च्या नियमांनुसार विद्यापीठाला लोकपाल नेमावा लागतो, आणि यूजीसीचं ई-समाधान हे ऑनलाइन तक्रारीचं पोर्टल आहे. तिथे तक्रार करायला वकील लागत नाही.

"वर्ष वाया जातं." कधीकधी जातं, हे मी लपवणार नाही. सत्र संपत आल्यावर दुसरीकडे जायचं म्हटलं तर बहुतेकदा पुढच्या जूनची वाट पाहावी लागते. पण सुरुवातीच्या आठवड्यांत, त्याच कॉलेजात दुसऱ्या कोर्सला जागा असेल तर प्राचार्यांना अर्ज देऊन बदल होतो, आणि तेव्हा बुडतात ती चार-सहा लेक्चरं. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली आहे. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यात पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याच विद्याशाखेत मेजर म्हणजे मुख्य विषय बदलण्याची सोय आहे, आणि एका ज्ञानशाखेतून दुसरीकडे जाण्याची लवचीकता असावी असंही म्हटलं आहे. त्यासाठी संस्थेला मंजूर जागांच्या वर १० टक्के जागा वाढवता येतात. प्राधान्य पहिल्या वर्षात एकही विषय न राहिलेल्या आणि चांगल्या सीजीपीएच्या, म्हणजे एकूण गुणसरासरीच्या, मुलांना. म्हणजे हा हक्क सगळ्यांना आपोआप मिळत नाही, पण "अशक्य" म्हणायलाही जागा राहिलेली नाही. कमावलेली क्रेडिट्स, म्हणजे पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात जमा होतात. नवं कॉलेज त्यातली किती धरेल हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यावं.

मला राग येतो तो याचा की वर्ष वाचवायच्या नावाखाली मुलाची तीन वर्षं घालवतो याचा हिशेब कुणीच करत नाही. माझ्या वर्गातून गेलेली कितीतरी मुलं एटीकेटी घेत घेत, म्हणजे राहिलेले विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात जात, नको असलेला कोर्स ओढत बसलेली मी पाहिली आहेत.

"स्कॉलरशिप बंद होते." इथे मेसेजने एका खऱ्या नियमाचं अर्धंच वाक्य उचललं आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत राज्य शासनाची पूर्वपरवानगी न घेता विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. "पूर्वपरवानगी न घेता" हे शब्द महत्त्वाचे. आधी कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या क्लार्कना भेटा, महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर जुन्या कोर्सच्या नावाने भरलेला अर्ज पुढे जाऊ देऊ नका, मग बदल करा. एक पदवी पूर्ण करून त्याच पातळीची दुसरी घ्यायची, बीए झाल्यावर बीकॉम, तर मात्र ही शिष्यवृत्ती मिळत नाही. हाही कोर्स वेळेत बदलण्याच्याच बाजूचा मुद्दा आहे.

"नोकरीवाले नाकारतात." आपल्या घरांत ज्या नोकऱ्यांची स्वप्नं पाहिली जातात त्यांच्याकडेच बघू. यूपीएससीच्या नागरी सेवा, एमपीएससीची राज्यसेवा, सरकारी बँकांची प्रोबेशनरी ऑफिसरची परीक्षा: या सगळ्यांना पदवी लागते, बहुतेक पदांना कुठल्याही शाखेची चालते. यूपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३२ आहे, राज्यसेवेला ३८. एक वर्ष इकडचं तिकडे झाल्याने हे दरवाजे बंद होत नाहीत. मध्ये गॅप पडलाच तर कॉलेजं प्रतिज्ञापत्र मागतात, ते करून द्यायचं.

मेसेजमध्ये नसलेली एक अडचण मात्र मुलांना सांगायलाच हवी. सायन्सकडून कॉमर्स किंवा आर्ट्सला जाता येतं, उलटं फारसं नाही. बारावीला जीवशास्त्र नसेल तर जीवशास्त्रावर उभ्या असलेल्या विषयांच्या बीएस्सीचा रस्ता सहसा उघडत नाही. तेव्हा बीएस्सी सोडणाऱ्याने थोडा जास्त विचार करावा, परतीची जागा त्याच्यासाठी राहत नाही.

भाचीचं पुढे असं झालं. भाऊ आधी तयार नव्हता. त्याला मी यूजीसीचं परिपत्रक छापून हातात दिलं, तो दोनदा वाचत बसला आणि म्हणाला, "मग आपल्याला हे कुणी सांगितलं कसं नाही?" कॉलेजच्या खिडकीवर पहिल्या दिवशी "रद्द होत नाही" असंच उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी आम्ही तोंडी काही विचारलंच नाही. एका कागदावर नाव, कोर्स, पावती क्रमांक, "प्रवेश रद्द करून फी परत मिळावी" एवढी ओळ, बँकेचा तपशील आणि परिपत्रकाची प्रत जोडून अर्ज दिला. दोन प्रती नेल्या होत्या. एक त्यांनी ठेवली, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घेतला. तो शिक्का विसरू नका. पुढचे १५ दिवस त्याच तारखेपासून मोजायचे असतात.